अर्धं पाऊल

"अहो आजोबा, टाळ्या वाजवा की! पोरं काय रोज रोज शेवटची खेळतात?"

शेजारच्या बाईंनी कोपरानं ढोसलं तशी गस लिंडग्रेननं नाइलाजानं दोनदा हात हलवले. आयोवाच्या बर्फातून दिवसभर गाडी हाकून तो टाळ्या पिटायला आला नव्हता. व्यावसायिक बास्केटबॉल संघासाठी खेळाडू हेरणं हा त्याचा धंदा, आणि आज त्याला एकच गोष्ट बघायची होती. पाहुण्या संघातल्या त्या बुटक्या, चपळ पोराला या कॉलेजचा ट्रे मॅबरी अडवू शकतो का? ट्रेच्या नेमाबद्दल वादच नव्हता. पायांच्या चपळाईबद्दल मात्र सगळे गप्प. वाटेत पेट्रोल भरायला थांबला, तर पंपवालासुद्धा म्हणाला, "आमचा ट्रे मोठ्या संघात जाणारच!"

आणि ऑफिसातल्या शहाण्यांनी त्याला पाठवलं ते नेमकं शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या निरोपाच्या सामन्याला! आधी पोरांनी आयांना फुलं दिली, गळ्यात पडून रडारड झाली. मग चार वर्षं नुसतं बाकडं गरम केलेल्यांना पहिल्यापासून खेळवायचं, हा रिवाज. त्यातलाच एक कॉलिन. कॉलेजात आल्यापासून त्याचा एकही बास्केट झाला नव्हता.

ट्रे मैदानात आला आणि चेंडू हातात पडला की कॉलिनला देत सुटला. कॉलिन चुकला. पुन्हा दिला, पुन्हा चुकला. आणि कोचनं त्या चपळ पोराला अडवायला भलत्यालाच लावलेलं.

"कॉलिन, टाक रे राजा!" बाई किंचाळल्या.

हिचाच दिसतोय तो, गसनं ताडलं आणि राहवलं नाही म्हणून बोललाच, "बाई, तुमच्या कॉलिनचं ठीक आहे. पण त्या ट्रेला अक्कल आहे का? स्वतः टाकायचं सोडून वाढप्यासारखा वाटत काय सुटलाय?"

"लहानपणापासून तसाच आहे," बाई म्हणाल्या. "माझाच तो."

गसनं कपाळाला हात लावला.

"आणि तुम्ही कोण तेही कळलंय मला. इथं टाळ्या न वाजवणारे तुम्ही एकटेच." त्यांनी मांडीवरची फुलं नीट केली. "शाळेत शिकवायची नोकरी चालून आलीय त्याला. उद्या उत्तर द्यायचंय. सगळं गाव म्हणतं, थांब, मोठा संघ बोलावेल. तुम्ही तरी खरं सांगा."

"काही बघू दिलं तर सांगू ना!" गस वैतागला.

तेवढ्यात कॉलिनचा एक चेंडू बास्केटच्या कड्यावर आपटत, रेंगाळत कसाबसा आत पडला. छप्पर उडायचं बाकी राहिलं. त्या गोंधळात ट्रेनं कोचकडे बघून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि चपळ पोरासमोर जाऊन उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं.

गस पुढं झुकला. पोरगं डावीकडून सटकलं. पुढच्या खेपेला ट्रे आणखी खाली वाकला, जीव तोडून सरकला. तरीही ते गेलंच. गसला वाईट वाटलं, आणि त्याचा त्याला रागही आला. शेवटी एकदा ट्रेनं त्याला अडवलं, पण ते पोरगं तोवर दमलं होतं.

सामना संपल्यावर बाई गसकडे वळल्या.

"अर्धं पाऊल कमी पडतंय," गस म्हणाला.

"अर्धंच?"

"अर्धंच. पण शिकवून येत नाही ते. नाहीतर मी स्वतः शिकवलं असतं त्याला."

बाईंनी मान हलवली आणि फुलं घेऊन पायऱ्या उतरल्या. ट्रे पोराटोरांच्या घोळक्यातून बाहेर आला. आईचा चेहरा त्यानं पाहिला, मग वर गसकडे. वडीलधाऱ्याला करावा तसा त्यानं गसला अदबीनं हात केला.

मग आईच्या हातातली फुलं काखेत धरून त्यानं तिला घालायला तिचा कोट पसरून धरला. तिला बाही काही सापडेना. तो तसाच धरून उभा राहिला.