मागच्या गल्लीतली खुर्ची

क्रेनवाल्याचा एक पाय सलूनमध्ये आणि दुसरा मागच्या गल्लीत, अशा अवस्थेत तो खिडकीत अडकलेला असताना पुढच्या दारातून वहिनी आत आल्या. एकट्या आल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. बरोबर फ्रिजवर चिकटवायची चुंबकं विकणारा माणूस होता आणि त्याच्या हातात मोजपट्टी होती.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"गिऱ्हाईक येतंय," निवांत म्हणाला.

सगळा गाव त्याला निवांतच म्हणायचा. एका डोक्याला तो इतका वेळ लावायचा, की माणूस खुर्चीतून उठेपर्यंत त्याच्या घरातली सगळी भांडणं निवांतला तोंडपाठ झालेली असायची. सलून बंदराच्या रस्त्यावर होतं. जागा थोरल्या भावाची, आणि भाऊ गेल्यापासून वहिनींची. निवांतने उभा जन्म याच खोलीत कात्री चालवण्यात घालवला. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

मग ती सहलीची जहाजं यायला लागली. जहाजं कसली, उचलून आणलेल्या वसाहतीच त्या. एक धक्क्याला लागलं की समोरचं आभाळ दिसेनासं व्हायचं. त्याच्या पोटातून माणसं बाहेर पडायची, रस्ता गच्च भरून टाकायची आणि संध्याकाळी भोंगा झाला की पळत परत जायची. त्यांच्यासाठी रस्त्यावरचा चांभार उठला, शिंपी उठला, किराणावाला उठला. त्यांच्या जागी टोप्या आल्या, शिंपल्यांच्या माळा आल्या. जहाजाच्या दिवशी गावातलं माणूस त्या रस्त्याकडे फिरकेना. दाढीसाठी एवढ्या गर्दीत कोण धक्के खात येणार? निवांतची खुर्ची रिकामी राहू लागली, आणि आता तर आठवड्यातले बहुतेक दिवस जहाजाचेच होते.

त्याने एकदा इंग्रजीत पाटी लावून बघितली. एक जोडपं आत आलं. आळीपाळीने खुर्चीत बसलं, एकमेकांचे फोटो काढले आणि निघालं. कात्री दाखवून त्याने विचारलं, तर हसले. जहाजावर सलून होतं म्हणे. निवांतला ते फार लागलं. केस न कापता त्या खुर्चीतून आजवर कुणी उठलं नव्हतं. त्याने पाटी काढून भिंतीशी उलटी ठेवली.

वहिनी काही दुष्ट नव्हत्या. "भाऊजी, मला घर चालवायचंय हो," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. म्हणून आज चुंबकवाला जागा मोजायला आला होता. त्याला पसंत पडली की संपलं.

"बघत काय बसलास? ओढ की," खिडकीतून क्रेनवाला कळवळला.

"जहाजावरचे अख्खे कंटेनर उचलतोस, स्वतःला उचलता येईना?" म्हणत निवांतने त्याला आत ओढलं. क्रेनवाला धप्पकन जमिनीवर आला, विजार झटकली आणि काही झालंच नाही अशा थाटात खुर्चीत जाऊन बसला.

"दार काय नुसतं शोभेला ठेवलंय?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, पुढून येण्यात काही अर्थ नाही. आम्ही सगळे मागनंच फिरतो आता. बघा ना," क्रेनवाला म्हणाला.

वहिनींनी खिडकीतून वाकून पाहिलं. गल्लीत अख्खा गाव होता. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, शाळेतल्या बाई, सायकल हातात धरून चालणारा पोस्टमन. कुणीतरी खालून वहिनींना "बऱ्या आहात ना?" असंही विचारलं.

निवांत रोज त्याच खिडकीतून साबणाचं पाणी फेकायचा, आणि फेकण्याआधी "बाजूला व्हा" म्हणून ओरडायचा. या ओरडण्याचा त्याला मनस्वी कंटाळा आला होता. आज क्रेनवाल्याला ओढता ओढता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाजूला व्हायला तिथे माणसं होती, म्हणूनच तर ओरडावं लागत होतं. इतके दिवस आपण आपल्याच गिऱ्हाइकांना हाकलत होतो.

"वहिनी," तो म्हणाला, "पुढची अर्धी खोली यांना द्या. मागची अर्धी मला ठेवा. या खिडकीचं मी दार करतो."

चुंबकवाल्याने मोजपट्टी गुंडाळली. "मला खोल जागा नकोच आहे," तो म्हणाला. "ही जहाजावरची माणसं दोन पावलांपलीकडे आत येत नाहीत. जहाज सुटेल म्हणून त्यांचा अर्धा जीव तिकडेच असतो. भाडं मात्र ठरलं तेच देईन, मोक्याची जागा आहे."

वहिनींनी खिडकीखालच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ती भिंत तुमच्या भावाने बांधलीये."

"माहितीये. विटा मीच देत होतो हातात."

त्यांनी पदराने डोळे टिपले आणि एकदम कामाचा आवाज काढला. "खिडकीच्या रुंदीएवढीच फोडा. उगाच सगळी भिंत खिळखिळी करू नका."

भिंत फुटली. क्रेनवाला बंदरावरचे गडी घेऊन आला आणि त्यांनी जमिनीतले बोल्ट काढून खुर्ची गल्लीच्या बाजूला नेऊन बसवली. मध्ये फळ्यांची भिंत उभी राहिली, तिच्यावर आरसा चढला. जुन्या जागी आरशात समुद्र दिसायचा. आता समोरचं वाळत घातलेल्या कपड्यांचं तोरण दिसू लागलं. पहिल्या सकाळी निवांतला गलबलून आलं. वस्तऱ्याला धार लावत तो उगाच पाठ करून उभा राहिला.

त्याच आठवड्यात दोन जहाजं एकदम लागली. पुढच्या रस्त्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मागे निवांतचा बाक भरून लोक पायरीवर बसले होते. महिनोन्‌महिने वाढलेली डोकी आली होती. कोण कुणावर रुसलं, कुणाचं लग्न मोडलं, सगळं साचलेलं बोलणं बाहेर पडत होतं. पलीकडे चांभाराने आपलं स्टूल टाकलं. शिंप्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत मशीन आणून ठेवलं. निवांतचे हात भरून आले होते आणि तो मनापासून खूश होता. चुंबकवाल्याने फळीवर टकटक करून "आवाज कमी" म्हटलं, तेव्हा अख्खी गल्ली हसली.

दुपार कलताना वहिनी मागच्या दाराने आल्या. या सलूनमध्ये त्या कधी खुर्चीत बसल्या नव्हत्या.

"केस खांद्यापर्यंत करायचेत," त्या म्हणाल्या. "धुवायला जड जातात आता. कापाल ना?"

"कापतो की."

क्रेनवाला बाकावरून उठला. "वहिनी, तुम्ही आधी बसा. मालकीण आहात."

"जागेची आहे. नंबर तुमचा आहे," म्हणत वहिनी बाकाच्या टोकाला बसल्या. पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी पुढच्या सगळ्यांचं होऊ दिलं.

त्यांची पाळी आली तेव्हा निवांतने धुतलेलं कापड झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधलं. त्यांनी अंबाडा सोडला. तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला आणि फळ्यांपलीकडून पळणाऱ्या पावलांचा आवाज येऊ लागला. निवांतचा हात क्षणभर थांबला. आरशात त्याने पाहिलं, गल्लीतलं कुणीही उठलं नव्हतं.

"सावकाश कापा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आपल्याला कुठे जायचंय?"

निवांतने कंगवा ओला केला आणि कात्री उचलली.