इंचाचे मिलिमीटर

चीनच्या लढाईनंतर जबलपूरच्या सरकारी कारखान्यात नव्या मशिनी आल्या आणि मागोमाग हुकूम आला: तोफगाड्यांची जुनी ड्रॉइंगं इंचांतून मिलिमीटरमध्ये उतरवायची. ते काम श्रीरंग मुळ्यांकडे आलं. नोकरीची सव्वीस वर्षं इंचांत गेलेली. दोन-अडीच वर्षं ते गुणाकार करत, रेघा ओढत बसले. संध्याकाळी कांचघर वस्तीत घरी पोचले की डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून नुसते पडून राहत.

पासष्टच्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई जुंपली. कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू लागला. एका दुपारी दुसरं काही शोधताना मुळ्यांची नजर स्वतःच्याच एका ड्रॉइंगवर पडली. गाडीचे भाग जोडणाऱ्या खिळीचा व्यास ३४.९२५ मिलिमीटर हवा होता; त्यांनी ३४.२९५ लिहिला होता. नऊ आणि दोन उलटे पडले होते; खिळी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बारीक, म्हणजे तोफ उडताना सैल. खिळ्या मापून तपासायची गेजंही त्याच ड्रॉइंगवरून बनलेली, म्हणून चारशे खिळ्या बिनबोभाट पास होऊन पेट्यांत भरल्या होत्या.

त्या दिवशी ते घरी आले, पण ताटाला हात लागेना.

"काहून जेवून नाही राहिले?" बायकोनं, भानुमतीनं, विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी जाईल का हो?"

"जाऊही शकते."

"मग आधी जेवून घ्या. सकाळी सांगायला अंगात जीव तर पाहिजे."

सकाळी ते इंजिनिअर शैलेंद्र दुबेसमोर उभे राहिले. त्यानं इंचांचा आणि मिलिमीटरचा, दोन्ही कागद पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"दादा, किसी को पता भी नहीं चलता."

"तोफेमागं उभा असतो त्याला कळलं असतं, साहेब."

पेट्या थांबल्या. नव्या खिळ्या कातायला पाच दिवस लागले. लेथवरचा विष्णू एरवी त्यांना अण्णा म्हणायचा. त्या पाच दिवसांत, त्यांच्या चुकीपायी तेच काम पुन्हा करावं लागल्यानं, तो तोंड फिरवून जायचा. मुळे पाळी संपल्यावरही थांबून एकेक खिळी स्वतः मोजत. पेट्या रेल्वेत चढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी युद्धबंदी जाहीर झाली. त्या खिळ्यांची कुणाला गरज पडली की नाही, ते कधीच कळलं नाही.

चौकशी झाली. नोकरी वाचली, बढती कायमची गेली. त्यांना जुन्या ड्रॉइंगांच्या खोलीत बसवलं.

जानेवारीत शैलेंद्र तिथं आला. हातात नव्या तोफगाडीची ड्रॉइंगं होती, पहिल्यापासून मिलिमीटरमध्येच काढलेली.

"यापुढे प्रत्येक ड्रॉइंग दुसऱ्या माणसाच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही," तो आज मुद्दाम मराठीत म्हणाला. "ती दुसरी सही तुमची हवी आहे, दादा."

"माझे डोळे थकले, साहेब. दुसरं कोणी पहा."

"चूक कशी होते हे माहीत असलेला दुसरा कोण आहे इथं?"

मुळ्यांनी टेबलावरचे जुने गठ्ठे बाजूला सारले, खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली आणि पहिला आकडा वाचायला घेतला. एकशे चाळीस ड्रॉइंगं होती.