दोन कुलपांच्या कपाटातला फोन

बटणं झिजलेला, काडेपेटीएवढ्या पडद्याचा असा एक जुना मोबाईल फोन आहे मी, मित्रांनो. तुमच्या हातातल्या चकचकीत फोनांशी माझी तुलना करू नका. मला फोटो काढता येत नाहीत, खेळ खेळता येत नाहीत. मला येतं ते फक्त वाजायला. ते मी आयुष्यभर नेमानं केलं आणि एकदा ते पुरलं नाही. त्याचीच ही हकिगत आहे. सांगताना मध्येच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पहिली आठवण आहे ती मस्कतच्या रुवी भागातल्या एका दुकानाच्या काचेची. तिथून दोन हजार नऊ साली मला दार्सैतच्या स्नेहवर्धिनी मंडळानं विकत घेतलं. मस्कतमधल्या मराठी माणसांचं हे मंडळ. देवळापासून चार पावलांवर, एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची खोली होती. माझा नंबर छोट्या कार्डांवर छापला गेला आणि खाली लिहिलं, 'अडीअडचणीला केव्हाही फोन करा.' ती कार्डं टॅक्सीतून, गॅरेजांतून, शेतांवरच्या खोल्यांतून लांब लांब गेली. काहींनी तर माझा नंबर खोलीच्या भिंतीवरच लिहून ठेवला होता म्हणे. एखाद्या फोनानं यापेक्षा जास्त मानाची अपेक्षा काय करावी?

दर शुक्रवारी आरतीनंतर मी एका घरातून दुसऱ्या घरात जायचो. ज्याची पाळी, त्याच्याकडे आठवडाभर मुक्काम. शुभदाताईंकडे जायला मला विशेष आवडे. त्या पुण्याच्या. इथे आल्यावर नोकरी सुटलेली, त्यामुळे दुपारचे फोन बहुतेक त्याच घ्यायच्या. स्वयंपाक करताना मला ओट्यावर ठेवायच्या आणि पिठाच्या बोटांनीच उचलायच्या. माझ्या पाचाच्या बटणात अजून थोडी कणीक आहे. कुणाचा पासपोर्ट अडकलेला असे, कुणाला औषधाची चिठ्ठी वाचता येत नसे, कुणी नुसतंच मराठी ऐकायला फोन करी. ताई कुणालाच झिडकारत नसत.

आणि या सगळ्या कामाचा प्रमुख होता नंदू मेस्त्री. मूळचा कुडाळकडचा, एका गॅरेजात फोरमन. अरबी त्याला फाडफाड येई, आणि कुठल्याही कचेरीत तो ओळख काढी. पाच वर्षं तो माझ्यामागे उन्हातान्हात पळाला. मी त्याला रडताना ऐकलं आहे आणि अर्बाबांशी, म्हणजे इथल्या मालकांशी, हमरीतुमरीवर येतानाही ऐकलं आहे. दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात तोच नंदू मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. त्याच्यासमोर उभे राहिले सलील उकिडवे. तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचे, शिस्तीचे, मंडळाची नियमावली त्यांनीच लिहिलेली. दोघंही वाईट माणसं नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल.

सुरुवात झाली ती नंदूच्या कामाच्या हिशेबावरून. त्यानं पाच वर्षांत खरोखर काय केलं, कुणासाठी केलं? उकिडव्यांच्या बाजूनं गंगुबाईचं प्रकरण बाहेर काढलं. गंगुबाई सोलापूरकडची, मस्कतजवळच्या अल अमेरातमध्ये एका घरी कामाला होती. तिच्या हातावर उकळतं तेल सांडलं होतं. "ती कोकणातली नव्हती म्हणून नंदू दोन दिवस फिरकला नाही," असं एक बाजू म्हणायची. "नंदू त्याच दिवशी तिथे पोचला," असं दुसरी बाजू शपथेवर सांगायची. मंडळात दोन तट पडले. तुम्ही म्हणाल, मोठी माणसं, बोलून मिटवतील. कसलं मिटवतात! एकाच जिन्यात राहणारी माणसं एकमेकांना ओळख दाखवीनात. देवळात प्रसादाच्या रांगेत पुढचा माणूस कुठल्या बाजूचा ते पाहून मग उभं राहायचं, इथवर मजल गेली. गणपतीच्या कार्यक्रमासाठी मुलांचा एक नाच बसत होता, त्यातून अर्ध्या मुलांना त्यांच्या आईबापांनी काढून घेतलं.

खरं काय ते नंदू सोडला तर फक्त मला ठाऊक होतं. गंगुबाईचा निरोप मंगळवारी आला. "येतो," असं नंदूनं लगेच लिहिलं. पण तेव्हा तो दुसऱ्या एका माणसाचं शव गावी पाठवण्याच्या कागदपत्रांत अडकला होता आणि तिचं काम दुसऱ्या कुणावर सोपवायचं तो विसरला. गेला तो गुरुवारी. तिचा हात बरा होईपर्यंत मग रोज जात राहिला. म्हणजे चूक झाली होती आणि कामही झालं होतं. पण अर्धं अर्धं सत्य कुणालाच नको होतं.

आता ते निरोप माझ्याच पोटात होते. त्यामुळे मी एका दिवसात मदतीचा फोन राहिलो नाही, मी पुरावा झालो. मी नंदूकडे राहिलो तर तो निरोप पुसेल, असं एका बाजूला वाटे. उकिडव्यांकडे गेलो तर ते काहीबाही घालतील, असं दुसरीला. रविवारच्या बैठकीत आवाज इतके चढले की वरच्या मजल्यावरची अमीरुन्निसा नावाची शेजारीण काय झालं म्हणून खाली येऊन गेली. शेवटी शुभदाताई उठल्या. त्या कुठल्याच बाजूच्या नव्हत्या, आणि तशाच राहायची त्यांची धडपड होती.

"फोन इथल्या कपाटात ठेवू या," त्या म्हणाल्या. "कडीला दोन कुलपं लावा. एक चावी नंदूभाऊंकडे, एक सलीलभाऊंकडे. शुक्रवारच्या सभेत सगळ्यांसमोर उघडू आणि निरोप मोठ्यानं वाचू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडळात महिन्याभरात एकमतानं झालेला हा एकच ठराव. मला आधी बंद करावं असं कुणीतरी सुचवलं, पण माझ्या बटणाला हात कुणी लावायचा यावर पुन्हा जुंपली आणि तो विषय राहिला. देवळाच्या फळ्यावर दुसरा नंबर लिहू या, असं एकजण म्हणाला. नंबर कुणाचा, यावर तेही राहिलं. पाच दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणून त्यांनी मला जुन्या झांजांशेजारी ठेवलं आणि दार लावलं. दोन कुलपांचे दोन आवाज मी ऐकले.

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी वाजलो. नंबर अनोळखी होता. मी वाजत राहिलो, थांबलो. दुपारपर्यंत त्याच नंबरावरून आणखी दोनदा. खोलीत कुणी नव्हतं. मित्रांनो, आम्हा फोनांना फक्त बोलावणं पोचवता येतं. बोलावणाऱ्याला "जरा धीर धर" एवढंही आम्हाला सांगता येत नाही.

मंगळवारी संध्याकाळी उरलेल्या मुलांचा नाच बसवायला शुभदाताई आल्या. त्यांची मुलगी अंतरा तेव्हा चौथीत होती. दिवसभरातला माझा सहावा फोन तेव्हाच आला.

"आई, कपाटात फोन वाजतोय," अंतरा म्हणाली. "अगेन अँड अगेन वाजतोय. कुणी पिक का नाही करत?"

ताई कपाटापाशी आल्या. मी थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या फोनवरून उकिडव्यांना लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"शुभदाताई, तुम्ही भोळ्या आहात," उकिडवे म्हणाले. "नंदूचीच माणसं हे फोन करतायत. कपाट उघडलं की निरोप उडवायला तो मोकळा. शुक्रवारपर्यंत कुलूप निघणार नाही. ठराव तुमचाच आहे."

मग त्यांनी नंदूला लावला.

"वैनी, हो त्येंचोच डाव," नंदू म्हणाला. "मी चावी घेवन इलंय तर सगळे बोंबलतले, मेस्त्रीन पुरावो पळवल्यान. सलील इलो तर मी येतंय. एकटो येवचंय नाय."

पाच वर्षं माझ्या पहिल्या घंटेला धावणारा हा माणूस! मला त्या दिवशी त्याची जितकी चीड आली तितकीच कीव आली. ताईंनी एक कुलूप ओढून पाहिलं. सजावटीच्या सामानात हातोडी पडलेली होती, ती त्यांनी उचललीही. एक घाव पुरला असता. पण मग कुणीतरी म्हणालं असतं की शुभदा त्यांच्या बाजूची, आणि त्या म्हणण्याची त्यांना फार धास्ती होती.

"तीन दिवस तर राहिलेत," असं पुटपुटत त्यांनी हातोडी ठेवली, अंतराचा हात धरला आणि त्या निघून गेल्या.

बुधवारी मी सात वेळा वाजलो. गुरुवारी सकाळी एकदाच, आणि तेही दोन घंटा होऊन तुटलं. त्यानंतर काही आलं नाही.

शुक्रवारी चार वाजता सभा भरली. मधली वाट सोडून दोन्ही बाजूंना खुर्च्या, ऐंशीएक माणसं. आधी तासभर नंदूच्या कारकिर्दीवर भाषणं झाली. एका बाजूनं टाळ्या पडल्या की दुसरी बाजू हुर्यो करी. मग दोघं उमेदवार चाव्या घेऊन कपाटापाशी आले. कुलपांना कुणी हात लावलेला नाही याचे दोन्हीकडच्या लोकांनी फोटो काढले. दार उघडलं. माझ्यात बॅटरीची एकच रेघ उरली होती.

उकिडव्यांनी माझा पडदा पाहिला आणि ते वाचू लागले. "सतरा मिस्ड कॉल." मग जरा हळू, "सगळे एकाच नंबरावरून."

"नाटक आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

ताई पुढे झाल्या, त्यांनी मला उकिडव्यांच्या हातातून काढून घेतलं आणि तो नंबर लावला. माझा आवाज त्यांनी मोठा केला.

"कौन? मंडल?" पलीकडून एक माणूस म्हणाला. त्याचं नाव दिलशाद. मस्कतबाहेरच्या बरका गावातल्या एका शेतावर तो जितेश नावाच्या कुडाळकडच्याच पंपदुरुस्तीवाल्यासोबत एका खोलीत राहत होता. "अब क्यूँ फोन करते हो? जितेश तो कल खलास हो गया।"

"क्या हुआ उसे?" ताईंनी विचारलं.

दिलशाद सांगत राहिला. जितेशच्या पोटात सोमवारपासून दुखत होतं. अर्बाब गावाला गेलेला. राहण्याच्या कार्डाची मुदत संपलेली, म्हणून एकटा इस्पितळात गेलो तर पकडतील अशी त्याला भीती. "बोलता था, मंडलवाले आएँगे, वो साथ में आएँगे तो जाऊँगा। पेट पकड़ के आपका ही नंबर लगाता था।" गुरुवारी तो बोलेनासा झाला तेव्हा दिलशादनं मासळीच्या पिकअपमध्ये घालून त्याला नेलं. आतडं फुटून फार वेळ झाला, असं डॉक्टर म्हणाले. "माँ को किसी ने बताया नहीं। मुझे उनकी बोली नहीं आती। आप बता दो।"

मित्रांनो, मला वाटलं, आता तरी ही माणसं एकमेकांकडे वळतील. क्षणभर तसं झालंही. नंदू उकिडव्यांच्या दिशेनं एक पाऊल पुढे आला. उकिडव्यांनी चष्मा काढला. पण मग तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "चावी घेऊन यायला कोण नाही म्हणालं?" दुसरीकडून उत्तर आलं, "तुमचा उमेदवार नाही म्हणाला!" आणि पाहता पाहता बरक्याचा जितेश हा त्या हिशेबातला आणखी एक मुद्दा झाला. खुर्च्या सरकल्या, बाह्या वर गेल्या. माझ्यातले निरोप वाचायचे राहूनच गेले.

ताई मला घेऊन बाहेर जिन्यात गेल्या. दिलशादनं दिलेला गावचा नंबर त्यांनी दाबला.

जितेशच्या आईनं, रखमाबाईंनी, फोन उचलला. ताईंनी कसंबसं सांगितलं. मग म्हातारी म्हणाली, "तुमी मस्कतच्या मंडळातली मा? तो सांगायचो, आये, हंयसर एकटो आसय म्हणान घाबरू नको, माका मंडळ आसा." मग तिनं विचारलं, "शेवटाक तेच्या वांगडा कोण होता? तुमी होतात मा?"

आतला कालवा जिन्यापर्यंत येत होता. ताईंनी माझ्यावर हात धरला, तो म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"होतो, आई," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे होतो."

माझ्यातून आजवर हजारो शब्द गेले असतील. त्या पाच शब्दांइतके जड कुठलेच नव्हते. ते पोचवले आणि माझी बॅटरी संपली.

निवडणूक पुढे झालीच. कोण जिंकलं ते सांगायची मला इच्छा नाही. आज दार्सैतमध्ये दोन मंडळं आहेत, दोन गणपती आणि मदतीचे दोन नवे फोन. मी ताईंच्या टेबलाच्या खणात असतो. त्या दोन्हींपैकी कुठल्याच मंडळात जात नाहीत. कधी कधी खण उघडतात, मला पाहतात आणि पुन्हा खण लावतात.

तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुमच्याही दोन बाजू पडतील. पडू द्यात. कोण चांगला, कोणी काय केलं, काय केलं नाही, यावर खुशाल वाद घाला. तो घालायलाच हवा. पण वाद घालताना मदतीचं दार कुलपात ठेवू नका, आणि हातोडी उचललीत तर कुणी काय म्हणेल म्हणून ती खाली ठेवू नका. जितेशला नंदूचं नाव माहीत नव्हतं, उकिडव्यांचंही नव्हतं. तो मंडळाचा सभासद नव्हता. त्याचं त्या निवडणुकीत मतच नव्हतं.