पुढचा शब्द

"काटेसाहेब, देश मागाहून वाचवा. आधी माझी गाडी मोजा."

ट्रकवाल्याने केबिनच्या खिडकीतून अर्धं डोकं आत घातलं होतं. काटेसाहेबाने त्याच्याकडे न बघता बोट वर केलं, म्हणजे थांब. मोबाइलवर एका मंत्र्याच्या भाषणाखाली तो लिहीत होता आणि वाक्य ऐन क्रियापदापाशी आलं होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे माणसाला शिवी घालतानाही शेवटपर्यंत दम धरावा लागतो.

"आज कोणाची पाळी?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. मागे पाच गाड्या उभ्यात, त्यांना उत्सुकता लागलीय."

क्रियापद टाकून झालं. मग त्याने गाडी मोजली, पावती फाडली आणि ती बाहेर सरकवताना चष्मा नाकावरून घसरला म्हणून तो वर ढकलला. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली होती.

त्याचं काम वजनकाट्यावर. भंगाराच्या, खडीच्या, सिमेंटच्या गाड्या लोखंडी फळीवर चढायच्या, पडद्यावर आकडा यायचा. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी म्हणजे माल. एवढ्या एका वजाबाकीवर त्याची बावीस वर्षं गेली होती. काटा वीस-वीस किलोंच्या उड्या मारत मोजायचा. एकदा गंमत म्हणून तो स्वतः फळीवर उभा राहिला तर आकडा ऐंशीवर गेला, शंभरावर गेला, परत ऐंशीवर आला. माणसाचं नेमकं वजन काही त्या काट्याला ठरवता येईना.

इंटरनेटवर मात्र त्याला वजन होतं. तिथे त्याचं नाव होतं 'सडेतोड'. सडेतोडचं म्हणणं असं, की सत्तेतले लोक चोर आहेत आणि विरोधातले लोक संधी न मिळालेले चोर आहेत. आणि या दोघांपेक्षा मोठे चोर म्हणजे मोबाइलच्या आणि ॲपच्या कंपन्या. "आपण बोलतो ते सगळं हे ऐकतात, लिहितो तो शब्द न् शब्द साठवून ठेवतात," हे तो त्याच कंपन्यांच्या ॲपवर, त्यांच्याच मोबाइलवरून, दिवसातून निदान दोनदा लिहायचा. यात काही विसंगती वाटत नाही का, असं एकाने नम्रपणे विचारलं होतं. त्याला त्याने ब्लॉक केलं.

ब्लॉक करण्यात त्याचा हातखंडा होता. शाळेतले दोन मित्र, मेहुणा, एक निवृत्त न्यायाधीश आणि दादा.

दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान. आठव्या वर्षी काटेसाहेबाला पहिला चष्मा लागला तेव्हापासून प्रत्येक चष्मा दादाच्या हातचा. आधी दादा शिकाऊ होता तेव्हाचा वाकडा, मग सरळ. तीन वर्षांपूर्वी शहराबाहेर एका बड्या कंपनीने बिनखिडक्यांची भलीमोठी इमारत बांधली. लोकांनी लिहिलेलं, बोललेलं सगळं म्हणे आत यंत्रांवर साठवून ठेवतात. यंत्रं गार ठेवायला पाणी लागतं म्हणून आसपासच्या वस्त्यांचे नळ दिवसाआड झाले. सडेतोडने यावर लिहून लिहून अंगठा सुजवून घेतला. आणि त्याच आठवड्यात दादाला त्या कंपनीच्या कामगारांचे डोळे तपासायचं काम मिळालं. दादाने तिथल्या अधिकाऱ्याच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "साधी माणसं आहेत. चहा चांगला देतात."

राजकारण आणि तंत्रज्ञान या विषयांवर दादाचं एकूण मत एवढंच होतं.

सडेतोडने त्याखाली लिहिलं, "जगाला चष्मे लावणारा स्वतः आंधळा. डोळ्यांवर कंपनीची पट्टी बांधून घ्यायचे किती मिळाले? विकाऊ माणूस."

त्याला आयुष्यात एवढे अंगठे कधीच मिळाले नव्हते. अनोळखी लोकांनी ते उचललं, पसरवलं. मग कोणीतरी दुकानाचा पत्ता शोधून काढला आणि दुकानाच्या पानावर एकेक तारा देणाऱ्यांची रांग लागली. त्यातल्या एकालाही चष्मा नव्हता. सगळ्यांनी एकच शब्द लिहिला होता, विकाऊ.

दादाचा फोन आला.

"बारक्या, ते तेवढं काढून टाक रे. लोक दुकानाला नावं ठेवतायत."

"ते माझं मत आहे, दादा."

"असू दे की. घरी ये, तोंडावर सांग. चार शिव्या जास्त घाल. तिथलं फक्त काढ."

"मत असं काढता येत नसतं."

"अक्कलदाढ काढता येते, मत का नाही?"

त्याला हसू आलं होतं. पण हसलो तर बाजू लंगडी पडेल असं वाटून त्याने फोन कापला. आणि मग दादा पुन्हा असलं काही बोलून हसवेल म्हणून त्याला सगळीकडून ब्लॉक केलं. फोन, मेसेज, सगळं.

"सख्ख्या भावाला?" बायको म्हणाली होती. "आणि ती कंपनी कोण लागते तुमची? सावत्र आई?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाला म्हणावं, तुमचा चष्मा करून दे."

चष्म्याचा प्रश्न खरा होता. दुसऱ्या दुकानात जायचं म्हणजे दादाच्या नाकावर टिच्चून जायचं, आणि दादाच्या दुकानात जायचं म्हणजे स्वतःच्या. म्हणून तो जुनाच चष्मा चालवत राहिला. आकडे अंधुक झाले तसा पडदा जवळ ओढला. मोबाइलवरची अक्षरं मोठी केली.

लिहिताना अक्षरांच्या वर एक पट्टी असायची. आपण एक शब्द लिहिला की मोबाइल पुढचे तीन शब्द सुचवतो. जे आपण वारंवार लिहितो तेच तो पुढे करतो. त्याच्या मोबाइलला त्याचा स्वभाव पाठ झाला होता. 'देश' लिहिलं की तो 'विकला' म्हणायचा. 'येताना दूध' असं बायकोला लिहायला गेलं तर 'येताना'पुढे त्याला 'लाज' सुचायची.

आठ दिवसांपूर्वी दादा गेला. साखर, मग किडन्या, मग हृदय. रीतसर रांगेने सगळं गेलं. काटेसाहेब स्मशानात जाऊन मागच्या रांगेत उभा राहिला आणि लोक पांगायच्या आत निघून आला. रात्री परदेशातल्या पुतणीला दोन शब्द लिहावेत म्हणून त्याने मोबाइल घेतला. 'तुझे' लिहिलं. पट्टीने सुचवलं, 'नेते', 'मालक', 'थोबाड'. खोडून 'दादा' लिहिलं. 'विकाऊ', म्हणाली पट्टी. शेवटी त्याने नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. एरवी ते तो उपरोधाने वापरायचा.

आणि आज दुपारी, गाड्यांची रांग ओसरल्यावर, वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, संध्याकाळी दुकानात येता का? मोबाइलमधलं एक काम आहे. तुम्हाला त्यातलं कळतं, असं हे म्हणायचे."

दुकान होतं तसंच होतं. भिंतीवर फ्रेमा ओळीने, समोर अक्षरांचा तक्ता, वर मोठं, खाली बारीक होत गेलेलं. वहिनी गल्ल्यामागे दादाच्या उंच स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"बसा. चहा सांगू?"

"नको. बरं आहे ना सगळं?"

वहिनींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. प्रश्नाची शरम त्याची त्यालाच वाटली.

"एकजण दुकान घ्यायला तयार आहे," त्या म्हणाल्या. "चष्म्यांचंच चालवणार आहे, नाव बदलणार नाही म्हणतो. पण त्याने आधी नेटवर बघितलं. म्हणाला, काकू, तुमच्या दुकानाचं नाव टाकलं की आधी हे येतं." त्यांनी मोबाइल त्याच्यापुढे धरला. तारे, आणि तो शब्द, एकाखाली एक. "त्याने विचारलं, मालकांनी काय केलं होतं? मी काय सांगू?"

त्याने घसरलेला चष्मा वर ढकलला.

"दुकान विकाऊ आहे, भाऊजी. माणूस नव्हता. ते तेवढं काढा."

त्याने आधी स्वतःचा मोबाइल काढला. तीन वर्षांपूर्वीचं ते वाक्य शोधायला अंगठा बराच वेळ फिरवावा लागला. वाक्य सापडलं. "काढून टाकायचं आहे का?" मोबाइलने विचारलं. हो. "नक्की?" हो. लिहिताना त्याला कोणी एकदाही असं विचारलं नव्हतं. वाक्य गेलं, त्याच्यासोबत ते सगळे अंगठे गेले.

"झालं?" वहिनी म्हणाल्या.

"माझं गेलं. बाकीच्यांचं तसंच आहे. लोकांचं मला काढता येत नाही, कंपनीला सांगावं लागेल. तेही दुकानाच्या खात्यावरून."

"मग यांचा मोबाइल घ्या. मला त्यात लिहिता येत नाही." त्यांनी खणातून दादाचा मोबाइल काढला आणि कुलूप उघडून दिला. "अक्षरं मोठी आहेत, तुम्हाला बरं पडेल. शेवटी यांनाही दिसत नव्हतं. चष्मेवाला, आणि बघा. पायाचं बोट काढलं त्याच सुमाराला डोळेही अधू झाले."

"बोट काढलं?"

"दीड वर्ष झालं की." वहिनी थांबल्या. "तुम्हाला कळवलं होतं ना. मी म्हटलं, मी करते फोन. तर म्हणाले, बारक्याला मी लिहिलंय. कामात असेल, येईल."

त्याने मान खाली घातली आणि कंपनीचं तक्रारीचं पान शोधायला लागला. ते अशा ठिकाणी ठेवलं होतं, की अर्ध्या तक्रारी शोधता शोधताच मिटाव्यात. शेवटी एक पांढरी चौकट आली. "आपलं म्हणणं थोडक्यात सांगा." खाली अक्षरांची मर्यादा.

ही तीच बिनखिडक्यांच्या इमारतीची कंपनी, आणि तिला सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. तीन वर्षं तो तिला उघड पत्रं लिहीत आला होता. पण आज त्याने एखाद्या कारकुनापुढे उभं राहावं तसं लिहायला घेतलं. "सदर दुकानाचे मालक वारले आहेत. त्यांच्याबद्दलचा मजकूर खोटा आहे. तरी कृपया या प्रकरणी" आणि पुढे त्याला लिहायचं होतं, बारकाईने लक्ष घालावे.

त्याने 'बार' एवढंच लिहिलं.

वरच्या पट्टीवर, मधोमध, शब्द आला. 'बारक्या'.

त्याला वाटलं नीट दिसत नाही. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. शब्द तिथेच होता. त्याच्या बोटाने तो दाबला. चौकटीत 'बारक्या' उमटलं आणि पट्टीवर लगेच पुढचा शब्द आला, 'नंबर'.

तो दाबला. 'वाढला'.

'असेल'.

'येऊन'.

'जा'.

वहिनी समोरच्या फ्रेमांवरची धूळ फडक्याने टिपत होत्या. एक फ्रेम उचलायची, पुसायची, जागच्या जागी ठेवायची. रस्त्यावरून कोणाच्या तरी सायकलची घंटी गेली.

बारक्या नंबर वाढला असेल येऊन जा. एवढा सराईत व्हायला मोबाइलला हे वाक्य कितीदा लिहिलेलं लागतं, त्याला माहीत होतं; त्याच्या मोबाइलला 'देश'पुढे 'विकला' शिकायला बरेच महिने लागले होते. मेसेजांच्या पानावर जाऊन बघता आलं असतं. पाठवलेल्या पण ब्लॉकमुळे न पोहोचलेल्या मेसेजापुढे एकच टिक असते. त्याने ते पान उघडलं नाही.

'जा'नंतर पट्टीवर पुन्हा शब्द आला. 'बारक्या'.

त्याने दाबला. नंबर. दाबला. वाढला असेल येऊन जा. मोबाइल कंटाळत नव्हता, प्रत्येक वेळी त्याच ओढीने पुढचा शब्द हातात देत होता. वरची सरकारी वाक्यं चौकटीतून वर सरकून दिसेनाशी झाली. ओळीमागून ओळ भरत गेली आणि एका ठिकाणी, 'येऊन'नंतर, मोबाइल गप्पच झाला. अक्षरांची मर्यादा संपली होती.

"लिहिताय बरंच," वहिनी म्हणाल्या. "नीट लिहिलं ना सगळं? खरं काय ते?"

"हो."

"मग पाठवा. आजच होऊ दे."

खोडून पहिल्यापासून लिहायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. उद्या लिहीन, असं त्याने ठरवलं. वहिनींसमोर बसून, नीट, बारकाईने. पण त्यातलं एक अक्षरही खोडायला अंगठा वळेना. तो पाठवायच्या हिरव्या बटणावर टेकला.

उत्तर लगेच आलं. अशी उत्तरं माणूस लिहीत नाही म्हणून ती लगेच येतात. त्याने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, मग अगदी जवळ.

"काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर तेवढं त्याला दिसत होतं. खालच्या ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या.

"आपलं म्हणणं पोहोचलं, म्हणाले."