दादाने भरलेल्या दरजा

सोमवारी सकाळी धाकटा गवंडी वाचनालयाच्या मागच्या भिंतीपाशी आला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारपर्यंत त्याने मोकळ्या करून ठेवलेल्या दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, कुणीतरी रविवारी सिमेंटने भरून टाकल्या होत्या. दगडांचे चांगले चार थर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. कुणीतरी कसलं! अंगठ्याने दाबून इतकी गुळगुळीत कड काढणारा माणूस त्याच्या माहितीत एकच होता. सख्खा थोरला भाऊ. कामाचा ठेका त्याच्याच नावावर होता.

पंधरा वर्षांपूर्वीही दादानेच या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. भिंतीतल्या ओलीला दरजांतून वाट मिळेना, म्हणून ती दगडांतून बाहेर पडू लागली आणि मऊ दगडांचे पोपडे सुटले. तीन आठवडे धाकटा दोन मजुरांना घेऊन ते सिमेंट कोरून काढत होता. त्या जागी जायचा होता ओलीला वाट देणारा चुना. तोही पाण्याने हळूहळू घट्ट होणारा, ओल्या गोणपाटाखाली दिवसच्या दिवस सांभाळावा लागणारा.

त्याने मुकाट्याने छिन्नी उचलली. तासाभराने दादा आला.

"काय चालवलंयस हे?"

"तू करून ठेवलेलं निस्तरतोय."

"अरे, शुक्रवारी दुरुस्त वाचनालयाचं उद्घाटन आहे! तुझी ती गोणपाटात गुंडाळलेली भिंत दाखवू लोकांना?"

"मला विचारायचं तरी होतंस, दादा."

"तुला? थापी कशी धरायची ते कुणी शिकवलं तुला?"

धाकट्याने दादाचा हात धरून दगडावर टेकवला. तळहाताएवढी खपली सुटून दादाच्या हातात आली. दादाने ती उलटसुलट पाहिली, टाकली, हात पँटला पुसला.

"दगडच हलका होता," तो म्हणाला.

तेवढ्यात आवाज ऐकून ग्रंथपालबाई बाहेर आल्या. हातात बुरशी धरलेला नकाशांचा जाडजूड ग्रंथ. "उद्घाटन पुढच्या दाराने होऊ दे, मागे कुणी फिरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण आतली खालची फळी मी तिसऱ्यांदा रिकामी केलीय. ओल कधी थांबणार, ते तुमच्यापैकी कोण सांगणार?"

दादाने धाकट्याकडे बोट केलं.

"हा सांगेल," तो म्हणाला. "आजपासून ही भिंत याची." आणि जाताना मागच्या बाजूचे दोन्ही मजूर त्याने पुढच्या रंगकामाला नेले.

धाकट्याला हसावं की रडावं कळेना. भिंत मिळाली, माणसं गेली. 'चुकलं' एवढा एक शब्द दादाच्या तोंडून निघाला असता, तर त्याने महिनाभर एकट्याने आनंदाने कोरलं असतं. संध्याकाळपर्यंत जेमतेम एक थर मोकळा झाला. बोटं सोलवटली होती. त्याने दरजांवर पाणी मारलं, घमेल्यात चुना-वाळू कालवली आणि दात आवळून पहिली दरज भरायला घेतली.