माठाच्या मापाची दोरी

मी एक सुती दोरी बोलतेय. पिळाला सैल आणि स्वभावाला घाबरट. सोनाबाईनं मला पनवेलच्या बाजारातून आणलं ते माठाला ओलं फडकं बांधायला. माठाच्या पोटाभोवती एक वेढा आणि एक गाठ, एवढंच माप धरून तिनं मला कापलं. मिठागरावर राबणाऱ्या त्या घरात माझं काम गारव्याचं होतं. मी सुखात होते.

सत्तेचाळीस साल सरत आलं तेव्हा सोनाबाईच्या सुनेला, गोदूला, दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात पोट वाढायचंच थांबलं आणि मूल हाती लागलं नव्हतं. या वेळी पोट दिसू लागताच सासूनं मला माठावरून सोडलं. दर बाजाराच्या दिवशी ती मला गोदूच्या पोटाभोवती धरायची आणि टोक पोचेल तिथं माझ्या अंगावर कुंकवाचं बोट लावायची.

आठवड्यामागून आठवडे ठिपका पुढे सरकत गेला, म्हणजे पोट वाढत होतं. गोदू बाळासाठी कुंची शिवायला बसली.

पण सगळं नीट चाललं की माणसांना जास्तच धास्ती वाटते. सोनाबाईला दृष्टीची भीती वाटली. तिनं नवसाचा नारळ माझ्याच टोकाला बांधून मला आढ्याला टांगलं. मोजताना तेवढा सोडायचा, मोजून झालं की पुन्हा बांधायचा.

नारळ काही हलका नसतो हो! माझा पीळ उलगडू लागला, मी लांबत चालले. पुढच्या बाजाराला टोक जुन्याच ठिपक्यावर आलं.

“आत्याबाय, वाडलं नाय?” गोदूनं विचारलं.

 सोनाबाईनं दुसरा नारळ बांधला.

मी आणखी ताणले गेले. आता टोक ठिपक्याच्याही अलीकडे थांबलं. गोदूचा नवरा काशिराम कामावरून येऊन दाराशीच उभा राहायचा, विचारायला धजायचा नाही. गोदूनं अर्धी कुंची ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली.

“हालतंय, आत्याबाय. पन पैलं बी हालायचंच की,” ती म्हणायची.

बाळाच्या लाथा मलाही जाणवायच्या. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, पोट नाही थांबलं, मीच लांबलेय! पण दोरीचं कोण ऐकतं? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

ऊन चढलं. एका दुपारी सासू बाहेर गेली असताना गोदूला माठाची आठवण झाली. त्याचं फडकं केव्हाच गळून पडलं होतं. तिनं नारळ सोडले आणि मला माठाभोवती धरलं. एक वेढा झाला, गाठ मारली, तरी वीतभर टोक हातात उरलं. तिनं सोडून पुन्हा बांधलं. तेवढंच उरलं.

सोनाबाई आली तेव्हा गोदू माठाला टेकून रडत होती.

“आत्याबाय, माठ कदी बारीक होतो का वो?”

सोनाबाईनं ते लोंबतं टोक पाहिलं. “मेली दोरी!” एवढंच म्हणाली आणि सुनेचं पोट दोन्ही हातांनी चाचपत राहिली. त्याच दिवशी कुंची ट्रंकेतून बाहेर आली.

मुलगी झाली. सत्यवती. चांगली गुटगुटीत!

आज तीच सत्यवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. सोनाबाई आता नाही. सकाळी गोदूनं मला खुंटीवरून काढलं आणि लेकीला समोर उभं केलं. इतकी वर्षं गेली, भीती मात्र तीच.

बाई गं, एवढं कर. आधी मला माठाभोवती धरून बघ, आणि मग लेकीला हात लाव.