अप्पांचं पान, हानताईंकडे

अप्पा गेले ते मार्चमध्ये, सांगलीत, आणि दहाव्याला कावळा शिवला नाही.

ही बातमी त्यांच्या मुलाने, निशिकांतने, आईला जशीच्या तशी सांगितली, कारण तो सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत कम्प्लायन्स खात्यात होता आणि नियमाबाहेर न जाण्याचाच त्याला पगार मिळत असे. घाटावर कावळे समोरच्या पिंपळावर ओळीने बसून होते. निशिकांतने एकेक वचन देऊन पाहिलं. आईला सिंगापूरला नेईन. जमिनीचा दावा मागे घेईन. चुलत्याशी बोलायला लागेन, हेसुद्धा एका हळव्या क्षणी तो बोलून गेला. कावळ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि मोटारसायकलला किक मारली.

"शिवला का रे?" घरी आल्यावर आईने, इंदुमतीबाईंनी, विचारलं.

"दर्भाचा," निशिकांत म्हणाला.

त्या दिवसापासून बाईंनी संध्याकाळचं जेवण सोडलं. ह्यांचं काहीतरी खायचं राहिलंय, जीव घुटमळतोय, आणि मी इकडे रात्री वरणभात ओरपत बसू? सिंगापुरात बुकित पंजांगला मुलाकडे राहायला आल्या तरी नेम सुटला नाही. सून रोज संध्याकाळी उपमा करून पुढे ठेवी, तो रोज फ्रिजमध्ये जाई. बाईंच्या घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकावर आला. डॉक्टरांनी वजनाचा काटा दाखवून निशिकांतला बाजूला घेतलं. हे असंच चाललं तर अवघड आहे, म्हणाले.

मध्ये एकदा बाईंनी बाल्कनीच्या कठड्यावर दहीभाताचा घास ठेवला. निशिकांत ऑफिसची बॅग टाकून धावला.

"आई, अगं पक्ष्यांना घास घालणं इथे गुन्हा आहे! दंड होतो."

"कावळ्यालासुद्धा?"

"कावळ्याला तर नक्कीच."

बाईंनी घास उचलला. "म्हणजे इथे माणसं मरतच नाहीत का रे?"

कम्प्लायन्सने ओलं फडकं आणून कठडा पुसून घेतला.

त्याच ब्लॉकमध्ये चार मजले खाली हानताई राहत. मूळच्या कोरियाच्या, नवऱ्याबरोबर तीस-एक वर्षांपूर्वी सिंगापूरला आलेल्या, आता विधवा. ब्लॉकखालच्या व्यायामाच्या यंत्रांवर दोघींची मैत्री जमली. एक तोडकं इंग्रजी बोले, दुसरी अस्खलित मराठी, आणि गुडघ्यांच्या विषयात दोघींचं शब्दनशब्द एकमेकींना कळे. बाकीच्या विषयांना निशिकांतची मुलगी गार्गी दुभाषी म्हणून लागे. सोळा वर्षांच्या गार्गीने कोरियन मालिका इतक्या पाहिल्या होत्या, की तिला त्या भाषेत भांडता, रडता आणि वारसाहक्क नाकारता येत असे.

हानताईंनी एका सकाळी सरळ विचारलं, तू संध्याकाळी का जेवत नाहीस? गार्गीने सगळं सांगितलं, कावळ्यासकट. ती मनातून धास्तावली होती, की आता ह्या हसणार. हानताई हसल्या नाहीत. पिंपळावर किती कावळे होते, अप्पा माणूस कसे होते, असं बारकाईने विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "शुक्रवारी माझ्या नवऱ्याचं जेसा आहे. सगळे या."

"जेसा म्हणजे त्यांचं श्राद्ध," गार्गीने घरी जाहीर केलं, वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'ला' लावत. "मला सगळं माहितीये ला. तुम्ही फक्त माझ्याकडे बघत राहा."

सून नीता ऑफिसच्या कामाला जकार्ताला गेली होती. तिघंच गेले. घराचं दार सताड उघडं होतं आणि आत एसी जोरात चालू होता. निशिकांत सर्वांत शेवटी शिरला आणि सांगलीकर माणसाने जे करायला हवं तेच त्याने केलं. दार घट्ट लावून घेतलं.

हानताईंचा मुलगा जून-हो काळ्या सुटात उभा होता, त्याचा हात हवेतच राहिला.

"बाबा!" गार्गी दबक्या आवाजात ओरडली. "दार उघडं ठेवायचं असतं! ते येणारेत!"

"कोण? आणखी पाहुणे आहेत?"

"अंकल! ज्यांचं आहे ते!"

आपण एका मृत गृहस्थाला त्याच्याच घराबाहेर कोंडलं आहे, हे निशिकांतच्या हळूहळू लक्षात आलं. बँकेत अशा प्रसंगासाठी एक चौकशी समिती असते. इथे हानताईच पुढे आल्या आणि त्यांनी दार पुन्हा उघडलं.

"माझा नवरा फार सभ्य," त्या म्हणाल्या. "बेल वाजवून थांबला असता."

मग निशिकांतने मेज पाहिलं, आणि मनातल्या मनात थट्टा करण्याची त्याची सवय थोडा वेळ बंद पडली. मागे फोटो, पुढे भात, रसा, भाज्या, फळं, सगळं ओळींमध्ये मांडलेलं. माशाचं डोकं पूर्वेला, तांबडी फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. प्रत्येक नासपतीची वरची चकती कापलेली, म्हणजे येणाऱ्याला सोलत बसायला नको. कुठेही लसूण नाही, लाल तिखट नाही.

"लसूण नाही?" इंदुमतीबाईंनी गार्गीकडून दोनदा खात्री करून घेतली. मग शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी मान हलवली. "बरोबर आहे."

भाताच्या वाटीशेजारी दुसरी एक वाटी होती, तीही भरलेली. तिच्यापुढे वेगळा चमचा, जेवायच्या वेगळ्या काड्या.

"माझ्या नवऱ्याला एकट्याने जेवायला आवडायचं नाही," हानताई म्हणाल्या. "तुझ्या मिस्टरांना बोलव. काय आवडायचं त्यांना?"

इंदुमतीबाई सरसावून बसल्या. "खीर. वडे. अळूची भाजी. आमसुलाची चटणी."

गार्गीने आमसुलापर्यंत कसंबसं भाषांतर केलं. हानताईंनी हात वर केला. "हे नियमाचं झालं. त्यांना काय आवडायचं?"

निशिकांतला माहीत नव्हतं. घाटावर त्याने जमीन सोडली होती, चुलता स्वीकारला होता. काय खाणार, हे वडिलांना विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ऑम्लेट," आई म्हणाली.

"काय?"

"स्टँडसमोरच्या गाडीवरचं. दर शनिवारी वाचनालयातून येताना खायचे. तोंडाला बडीशेपेचा भपका. इतकी बडीशेप कोण खातं रे?"

"तुला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं. मला कळत नाही, अशी त्यांची समजूत. मी ती मोडली नाही." बाईंनी पदर सारखा केला. "मग शेवटी मागणार तरी कुणाकडे? माझ्याकडे तर मागता येणार नाही."

गार्गीने हे सगळं भाषांतरित केलं, बडीशेप धरून. हानताई स्वयंपाकघरात गेल्या. चौकोनी तवा खाली आला, अंडी फेटली गेली. जून-होने दाराशी उभं राहून आईला काहीतरी विचारलं. तिने मागे न बघता दोन शब्दांत उत्तर दिलं.

"तो विचारतोय, नियमात बसतं का," गार्गी कुजबुजली. "ती म्हणाली, भुकेला विचार."

पिवळीधमक गुंडाळी कापून बशीत आली, वाफाळलेली. अप्पांचा फोटो गार्गीच्या फोनवर होता. तो नासपतीला टेकवला आणि स्क्रीन विझू नये अशी सोय केली. उदबत्ती लागली. जून-होने बापाला कपाळ जमिनीला टेकून दोनदा नमस्कार केला. मग हानताईंनी इंदुमतीबाईंचा हात धरून त्यांना मेजासमोर आणलं आणि तांदळाच्या दारूचा छोटा पेला त्यांच्या हातात दिला.

घरच्या श्राद्धाला आई नेहमी आत, चुलीच्या बाजूला. निशिकांतने तिला कधी पुढे पाहिलंच नव्हतं. आता ती पुढे होती.

"आई, ती दारू आहे बरं का."

"असू दे. तिकडे कोण बघतंय." आईने पेला अप्पांच्या वाटीपुढे ठेवला आणि वाकली.

हानताईंनी दोन्ही वाट्यांतल्या भातात चमचे उभे रोवले, काड्या ऑम्लेटवर ठेवल्या. मग सगळ्यांना स्वयंपाकघरात नेऊन सरकतं दार ओढून घेतलं. जेवणाऱ्याकडे टक लावून बघायचं नसतं, एवढंच म्हणाल्या.

पाच माणसं ओट्याला टेकून पाठमोरी उभी राहिली. खालून एलआरटीची छोटी गाडी गेली. निशिकांतचा या कशावरही विश्वास नव्हता, तरी आपण श्वास धरून ठेवला आहे हे त्याला जाणवलं. घाटावर सगळी मंडळी डोळे वटारून पिंडाकडे बघत होती, कावळ्याने लवकर उरकावं म्हणून. इथे दोन म्हातारे पलीकडे बसले होते, एक सांगलीचा निवृत्त हेडक्लार्क आणि एक बुसानचा कोणी सभ्य गृहस्थ, आणि अख्खं घर त्यांच्यासाठी थांबलं होतं. शेजारी आईचा खांदा होता. तो हळूच खाली आला, बराच वेळ उचललेलं ओझं ठेवावं तसा.

हानताईंनी तीनदा खाकरून दार सरकवलं.

ऑम्लेट जसंच्या तसं होतं. निशिकांतला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

"जेवले," हानताई म्हणाल्या.

"कशावरून?" आईने विचारलं. गार्गीला भाषांतर करावं लागलं नाही.

हानताईंनी बशीवर तळहात धरला. "वाफ गेली. वाफ त्यांची. उरलेलं आपलं. आपण खाल्लं नाही, तर त्यांनी जेवून काय उपयोग?"

आईने स्वतःचा तळहात बशीवर धरला. बराच वेळ तसाच ठेवला. बाहेर अंधार पडला होता. मग ती मेजाशी बसली, अप्पांची भाताची वाटी पुढे ओढली आणि उभ्या जन्मात न शिवलेल्या पदार्थाचा एक तुकडा बोटांनी उचलून तोंडात टाकला. सगळे तिच्याकडे बघत राहिले. जेवणाऱ्याकडे बघायचं नसतं, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तिने सावकाश चावलं. डोळे भरून आले होते, पण कपाळाला आठी होती.

"एवढ्याशासाठी चाळीस वर्षं लपून खात होते?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या तुकड्याकडे हात नेला.